सहा लाखांचं पर्सनल लोन: गळती, किचन आणि केरळ, सगळं एकदम करावं का?

सिडकोकर_वरचा_मजला

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय, थोडं लांबलंय पण आकडे दिल्याशिवाय कोणी नीट सांगणार नाही म्हणून सगळं लिहितो.

नाशिकला सिडकोत टू बीएचके आहे, वरचा म्हणजे तिसरा मजला, बिल्डिंग २००४ ची. मी अंबडला एका कंपनीत, हातात ४६ हजार येतात. मिसेस जिल्हा परिषद शाळेत, २०११ पासून, त्यांचे कापून सवरून ५८ च्या आसपास. होमलोन ९ लाख शिल्लक, अजून ९ वर्षं, हप्ता १२ हजार. घरात आम्ही दोघं, मुलगी (जूनमध्ये दहावीत जाईल), मुलगा सातवीत आणि आई, वय ७१. बाकी कर्ज काही नाही, सिबिल ७८० आहे. अडीच लाखाची एफडी आहे ती अडीअडचणीला म्हणून ठेवलीये, त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय.

आता यादी. बेडरूमचा स्लॅब गेले दोन पावसाळे गळतोय, वरून वॉटरप्रूफिंग करायचं ७० हजार. किचन मॉड्युलर २ लाख २० हजार (ओटा जुना कडाप्प्याचा आहे, सिंकखालचं फर्निचर फुगून सडलंय). बाथरूम ९० हजार. पूर्ण घराला रंग आणि हॉलमध्ये फॉल सीलिंग ६० हजार. ५५ इंची टीव्ही ४५ हजार. आणि मे मध्ये केरळ, पाच जणांचं पॅकेज १ लाख १५ हजार, कारण पोरगी दहावीत गेली की दोन-तीन वर्षं कुठे जाणं होणार नाही आणि आईचे गुडघेही दिवसेंदिवस कुरकुर करतायत.

सॅलरी अकाउंटच्या बँकेने ॲपवर प्री-अप्रूव्हड ६ लाख दाखवलंय, साडेबारा टक्के, पाच वर्षं, हप्ता १३,४९९. कागद नाही काही नाही, बटण दाबलं की पैसे खात्यात. हप्ता झेपेल असं वाटतंय. मिसेसचं म्हणणं एकदाच काय ते करून टाकू, रोज रोज घरात सिमेंटची धूळ नको. माझं मन मात्र अजून तयार होत नाहीये, नक्की काय खटकतंय तेही कळत नाही. तुम्ही काय कराल?

---

हिशेबी

तुमची यादी बेरीज करून बघितली. ७० + २२० + ९० + ६० + ४५ + ११५. बरोब्बर ६ लाख. आणि बँकेची ऑफरही बरोब्बर ६ लाखाची. आता खरं सांगा, यादी आधी झाली का ऑफर आधी आली? हेच खटकत असेल तुम्हाला. ऑफर ४ लाखाची असती तर टीव्ही आणि फॉल सीलिंग यादीत असते का?

१३,४९९ गुणिले ६० म्हणजे ८ लाख १० हजाराच्या आसपास भरणार. व्याज २ लाख १० हजार. आता हेच वस्तूवार बघा, एकत्र बघितलं की दुखत नाही. केरळचे १ लाख १५ हजार पाच वर्षांत १ लाख ५५ हजार होतात, महिन्याला २,५८७ नुसते केरळचे. पोरगी दहावी, बारावी होऊन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पोचेल तरी हाऊसबोटीचे हप्ते चालूच. बाथरूमचं तसं नाही, ते पंधरा वर्षं वापराल, त्याचं कर्ज पाच वर्षं फेडलं तर एक वेळ समजतं.

माझा साधा नियम आहे, वस्तू टिकेल त्यापेक्षा हप्ता जास्त टिकता कामा नये. ट्रिप आठ दिवस टिकते 😄

---

खिडकीजवळची_सीट

हिशेबी भाऊ, हा नियम कागदावर छान आहे पण ७१ वर्षांच्या माणसाला लावता येत नाही हो. आईला फिरायला न्यायचं तर ते आत्ताच, आधी पाच वर्षं पैसे साठवून मग नाही. माझं मत ट्रिप कराच, पण कर्जातून नको, आणि १ लाख १५ हजाराचं पॅकेज तर नकोच नको. पाच माणसांना ते आठ दिवसांत मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पी, कोवलम असं पळवतात, आजींच्या गुडघ्याचं काय होईल बसमध्ये चढउतार करून!

नाशिकरोडलाच मंगला एक्सप्रेस थांबते, निजामुद्दीन-एर्नाकुलम, कोकण रेल्वेवरून जाते. घरातून निघून थेट एर्नाकुलमला उतरायचं, मुंबईला जायची कटकट नाही. थर्ड एसी काढा, आजींना लोअर बर्थ मागा (ज्येष्ठ महिलांना लोअर बर्थचा कोटा असतो), दोन जागी मुक्काम करा, कोची आणि अलेप्पी. हाऊसबोटीवर रात्रभर राहायचा सोस सोडलात तर सरकारी प्रवासी बोटी आहेत अलेप्पीहून, अगदी किरकोळ तिकिटात बॅकवॉटर बघून होतं आणि पोरांना तीच जास्त आवडते. आम्ही असेच गेलो होतो, आमचे माणशी पॅकेजच्या निम्म्याच्या थोडं वर गेले असतील. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, मे च्या सुट्टीसाठी त्या दिवशी सकाळी आठला बसा, नाहीतर वेटिंग.

---

सचिव_नाईलाजाने

मी इथे फक्त पहिल्या ७० हजारांबद्दल बोलणार. ते तुम्ही भरायचेच नाहीयेत!!

बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे (कोणी घेत नाही म्हणून), हा वाद दर जूनमध्ये ऐकतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट आहे, टेरेसवरून म्हणजे पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती, छताची दुरुस्ती, बाहेरच्या कॉमन पाईपची गळती, हे सगळं संस्थेच्या खर्चाने. तुमच्या फ्लॅटच्या आतलं सिंक, संडास, बाथरूम यांची गळती तुमच्या खर्चाने. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून टेरेस त्याचा, हे खालच्यांनी काढलेलं शास्त्र आहे. दर महिन्याला दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड भरता ना? बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि पाव टक्का असं ते धरलेलं असतं, ते याचसाठी. शिवाय बिल्डिंग २००४ ची म्हणजे पंधरा वर्षं उलटलीत, पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. झालंय का कधी?

दुसरं, तुमच्या एकट्याच्या बेडरूमवर सत्तर हजाराचा पॅच मारून गळती थांबेल असं कोणी सांगितलं? पाणी टेरेसवर कुठेही मुरतं आणि स्लॅबच्या आतून वाट काढत तुमच्या पंख्यापाशी टपकतं. जुना कोबा (स्लॅबवरचा वॉटरप्रूफिंगचा थर) पोकळ झाला असेल तर तो पूर्ण काढून ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा नव्याने करावा लागतो, स्लोप आउटलेटकडे, पॅरापेटच्या कडेने कोपऱ्यात गोलाई (वाटा म्हणतात ती), टाकीच्या पायाशी नीट, आणि मग दोन-तीन दिवस पाणी तुंबवून बघायचं. हे सगळं मे अखेर संपलं पाहिजे.

तिसरं आणि महत्त्वाचं. वॉटरप्रूफिंग झालं की लगेच आतून रंग आणि फॉल सीलिंग करू नका!! स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला वेळ लागतो, रंगाला फोड येतात. आणि काम बरोबर झालंय का नाही ते एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही, फॉल सीलिंग टाकलंत तर ओल आली तरी दिसणार नाही, जिप्सम कोसळेल तेव्हाच दिसेल. म्हणजे तुमचे ते ६० हजार तसेही दिवाळीपर्यंत लागत नाहीत.

---

सिडकोकर_वरचा_मजला

सचिव साहेब, हे माहीतच नव्हतं. पण आमची सोसायटी नाहीये, अपार्टमेंट आहे, डीड ऑफ डिक्लेरेशन (कोणाचा किती हिस्सा याचा घोषणापत्राचा कागद) केलेलं. बारा फ्लॅट. फंड म्हणजे महिन्याला ५०० रुपये, त्यात जिन्याचा लाईट, पंपाचं बिल आणि झाडूवाल्या मावशी. शिल्लक काही राहत नाही. खालचे म्हणतात तुमचं गळतंय तुम्ही बघा.

---

सचिव_नाईलाजाने

नाशिक-पुण्यात निम्म्या बिल्डिंग अशाच आहेत. अपार्टमेंट असलं तरी महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० मध्ये कॉमन एरियाच्या व्याख्येतच पाया, कॉलम, बीम, मुख्य भिंती, छत येतं. डीडमध्ये टेरेस कोणाला खास दिलेला नसेल तर तो सगळ्यांचा, आणि त्याचा खर्च ज्याचा जेवढा टक्के हिस्सा त्या प्रमाणात. डीड काढून वाचा, टक्केवारीचा तक्ता मागे असतो.

आणि कायदा आधी काढू नका, आधी माणसं वर न्या. मीटिंग टेरेसवरच ठेवा, कॉन्ट्रॅक्टरला बोलवा, त्याला कोबा ठोकून दाखवायला सांगा, पोकळ आवाज सगळ्यांना ऐकू येतो. स्लॅबमधले गज गंजले की उद्या खालच्या मजल्यांचंही खरं नाही हे त्याच्या तोंडून वदवा. समजा पूर्ण टेरेसचे २ लाख ४० हजार झाले, बारा फ्लॅट साधारण सारखे असतील तर फ्लॅटमागे २० हजार. दोन हप्त्यांत द्या म्हणावं. एक-दोन जण खळखळ करणारच, बाकीच्यांकडून घेऊन काम सुरू करा, लेखी ठराव मात्र करून ठेवा.

---

कर्जखात्यातला

मी एका बँकेत कर्ज विभागातच आहे, कुठल्या ते सोडा. बटण दाबायच्या आधी ॲपमध्ये की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या अटी आणि खर्च एकत्र दाखवणारा कागद) उघडून वाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने ते सगळ्या रिटेल कर्जांना सक्तीचं केलंय. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो (फी वगैरे धरून वर्षाचा दर), साडेबारा नाही तर तो तुमचा खरा दर. प्रोसेसिंग फी समजा २ टक्के म्हणजे १२ हजार, वर १८ टक्के जीएसटी, झाले १४,१६०. बरेचदा एक विमाही चिकटवलेला असतो, टिकमार्क आधीच केलेला, तो ऐच्छिक असतो, काढता येतो. म्हणजे ६ लाख घेतले तरी खात्यात ६ येत नाहीत, हप्ता मात्र पूर्ण सहाचा.

मग मुदतपूर्व फेड. होमलोन फ्लोटिंग असतं म्हणून व्यक्तीला त्यावर प्रीपेमेंट दंड लावता येत नाही. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड रेटचं असतं, त्यावर लागू शकतो, सुरुवातीचे काही महिने तर बंद करूच देत नाहीत काही ठिकाणी. बोनस आला की फेडून टाकू असं मनात असेल तर हा कॉलम आधी बघा.

तुमचं होमलोन चालू आहे, हप्ते वेळेवर आहेत, मग टॉप-अप (त्याच होमलोनवर वाढीव कर्ज) विचारा ना. होमलोनच्या दराच्या थोडंच वर पडतं. पण त्यात एक मेख आहे जी शाखेत कोणी सांगत नाही. ३ लाखाचा टॉप-अप ९ टक्क्याने घेतला आणि होमलोनसारखीच ९ वर्षं मुदत ठेवली तर हप्ता ४,०६३, ऐकायला मस्त, पण व्याज जातं १ लाख ३९ हजार. तेच ३ वर्षांत फेडलं तर हप्ता ९,५४० आणि व्याज ४३ हजार. आणि साडेबाराचं पर्सनल लोन ३ वर्षांत फेडलंत तर व्याज ६१ हजार. म्हणजे कमी दराचं लांब कर्ज हे जास्त दराच्या छोट्या कर्जापेक्षा दुप्पट महाग पडलं. दर बघून सगळे भांडतात, मुदतीकडे कोणी बघत नाही.

कोणी दहा टक्के फ्लॅट रेट (हप्ते भरत गेलात तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवर) म्हणाला तर हुरळून जाऊ नका. ३ लाखावर १० टक्के फ्लॅट ३ वर्षं म्हणजे ९० हजार व्याज, रिड्युसिंगमध्ये (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) ते जवळपास १८ टक्के होतं.

टॅक्सचं कोणीतरी विचारेलच म्हणून, घरदुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजारापर्यंत वजावट आहे, पण जुन्या रेजिममध्ये, आणि होमलोनच्या २ लाखाच्या मर्यादेतच, वेगळी नाही. स्वतः राहता त्या घराला नव्या रेजिममध्ये काहीच नाही.

---

एकदम_मोकळा

एवढं काय डोकं लावता राव, घरात सोनं असेल की, गोल्ड लोन घ्या, स्वस्त पडतं आणि तासाभरात होतं. टीव्ही नो कॉस्ट ईएमआयवर. संपला विषय.

---

हिशेबी

@एकदम_मोकळा गोल्ड लोन वाईट नाही पण त्यात बुलेटवालं असतं ना, वर्षभर काही भरायचं नाही आणि शेवटी मुद्दल-व्याज एकदम, तिथे लोक अडकतात. वर्ष संपतं, पैसे नसतात, मग व्याज भरून रिन्यू, परत रिन्यू. आमच्या आळीत एकांच्या पाटल्या अशा तीन वर्षं बँकेतच मुक्कामाला आहेत. टीव्हीसाठी बायकोचं सोनं हे तर मला ऐकायलाच कसंतरी वाटतं, ते पेरणीला किंवा दवाखान्याला.

आणि नो कॉस्ट म्हणजे रोख घेणाऱ्याला जो डिस्काउंट मिळाला असता तो तुम्हाला मिळत नाही एवढाच अर्थ. त्यातल्या व्याजावर जीएसटी कार्डाच्या बिलात येतो तो वेगळा. एक हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, वर्षाचं चाळीसच्या वर. जुना टीव्ही चालू आहे ना? मग चालू द्या.

---

खडू_डस्टर

मी पण जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे, म्हणून वहिनींच्या बाजूने लिहिते. सगळे भाऊ व्याजाचे हिशेब करतायत, ओट्यासमोर उभं कोण राहतं त्यांना विचारा एकदा. सिंकखाली सडलेलं लाकूड म्हणजे झुरळं, वास, आणि सकाळी पावणेसातला डबे करून शाळेला पळायचं. किचन ही हौस नाही हो. या यादीतलं सगळ्यात आधी व्हायला हवं ते किचनच (गळती सोडून). पण २ लाख २० हजार मॉड्युलरचे शोरूमवाल्याने सांगितले असणार. प्लायवूडचे बॉक्स परत फुगतील, पाणी कुठे जाणारे. ग्रॅनाईटचा ओटा, खाली कडाप्प्याचे किंवा ग्रॅनाईटचे उभे पार्टिशन, त्यात ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून नुसती शटर्स, आपला नेहमीचा फॅब्रिकेटर आणि फरशीवाला मिळून करतात, बरंच कमी होतं. ओट्याची उंची वहिनींना उभं करून घ्या, कॉन्ट्रॅक्टरच्या टेपवर नको. किचन आणि बाथरूम एकाच वेळी काढा म्हणजे प्लंबर एकदाच येईल आणि धूळही एकदाच.

पैशाचं म्हणाल तर वहिनी २०११ च्या म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या, डीसीपीएसवाल्या (नव्या पेन्शन योजनेतल्या), जीपीएफ म्हणजे जुना भविष्य निर्वाह निधी नाही, त्यामुळे आमच्या सीनियर मॅडम लोकांसारखं त्यातून नापरतावा (परत न भरायची रक्कम) काढणं त्यांना जमायचं नाही. पण तालुक्याची नाहीतर जिल्ह्याची शिक्षकांची पतसंस्था असेलच, सभासद आहेत का विचारा. कर्ज पगारातून कापलं जातं, रिड्युसिंगने व्याज, आधी फेडलं तर बहुतेक ठिकाणी दंड नाही, शेअर्सवर वर्षाला लाभांश. प्रत्येक संस्थेचा दर वेगळा असतो, पोटनियम वाचा, कर्जातून शेअर्सपोटी किती कापून घेतात तेही विचारा.

त्यात त्रास एकच, जामीनदार. दोन सहकारी सह्या करणार आणि उद्या त्यांच्या अर्जावर वहिनींना सही करावी लागणार, नाही म्हणता येत नाही स्टाफरूममध्ये. आमच्या इथे एकजण लांबच्या रजेवर गेले, हप्ते थांबले, संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढला आणि वसुली आम्हा जामीनदारांच्या पगारातून सुरू झाली. माझे सहा महिने गेले त्यात, पैसे नंतर त्यांनी दिले पण ते संबंध काही परत आले नाहीत. त्यामुळे घ्या, पण आपल्याला उलट्या कोणाच्या सह्या द्याव्या लागतील हे आधी मनात धरून घ्या.

---

खिडकीजवळची_सीट

खडू ताईंना शंभर टक्के. आणि ट्रिपसाठी भिशी! आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची आहे, दहा जणी, पाच-पाच हजार. तुमचा नंबर आधी लागला तर मे, नाहीतर दिवाळी.

---

हिशेबी

दिवाळीत केरळ नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो, दुपारनंतर धो धो. मे च्या पहिल्या पंधरवड्यात जा नाहीतर नाताळानंतर, पण दहावीला नाताळ म्हणजे सराव परीक्षा. आणि भिशीही शेवटी बिनव्याजी कर्जच आहे, नंबर आधी लागला तर पुढचे महिने भरायचेच, एवढं लक्षात ठेवा. चालवणारी बाई ओळखीची हवी.

---

कर्जखात्यातला

एक राहिलं. एफडीला हात लावायचा नाही म्हणालात, चांगलं आहे, पण मोडायची नसेल तरी तिच्यावर कर्ज मिळतं. साधारण ९० टक्क्यांपर्यंत ओव्हरड्राफ्ट, एफडीच्या दराच्या एखाद टक्का वर, वापराल तेवढ्या दिवसांचंच व्याज. म्हणजे बाथरूमवाला ऐनवेळी तीस हजार वाढवून मागेल (मागणारच) तेव्हा पर्सनल लोनकडे पळायची गरज नाही. फक्त तीच तुमची दवाखान्याचीही रक्कम आहे, आईंचा मेडिक्लेम आहे का? नसेल तर पूर्ण ओव्हरड्राफ्ट कधीच खाऊ नका.

---

सिडकोकर_वरचा_मजला

मंडळी, रविवारी मीटिंग झाली टेरेसवर, म्हणून उशिरा लिहितोय. सचिव साहेबांनी सांगितलं तसंच केलं. कॉन्ट्रॅक्टरने हातोडी ठोकत नेली आणि अर्ध्या टेरेसवर पोकळ वाजलं. त्यात जिन्याच्या डोक्यावरचा भाग पण निघाला, मग तळमजल्यावालेही गप्प झाले. एक काका शेवटपर्यंत म्हणत होते मी टेरेसवर कधी येत पण नाही मी का देऊ. बारातले दहा तयार आहेत, २१-२२ हजार येतील वाट्याला, ठराव लिहून सह्या घेतल्या. एप्रिलच्या शेवटी काम सुरू.

मिसेसना सगळा धागा वाचायला दिला. खडू ताईंचं वाचून झाल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहीत नाही. टीव्ही त्यांनीच यादीतून उडवला, तो माझा होता हे मी वर लिहिलं नव्हतं 😅 रंग आणि सीलिंग दिवाळीत, ते पण पावसाळ्यात ओल दिसली नाही तर, आणि तेव्हा जमेल तेवढं रोखीने.

किचन आणि बाथरूम मिळून फरशीवाल्याने आणि फॅब्रिकेटरने २ लाख ४५ दिले, अजून घासाघीस बाकी आहे. दोन लाख मिसेसच्या पतसंस्थेतून, साडेदहा टक्के, तीन वर्षं, साडेसहा हजाराच्या आसपास कपात, व्याज ३४ हजार होतंय तीन वर्षांचं. वरचे पंचेचाळीस हातातले. बँकेच्या ॲपचं नोटिफिकेशन बंद केलंय, तरी काल फोन आला होताच, सर तुमची ऑफर उद्या संपतेय म्हणून.

केरळचं मात्र वेगळंच निघालं. आईला विचारलं तर तिला केरळ नकोच आहे, तिला कन्याकुमारी बघायचंय. विवेकानंद स्मारकासाठी घरोघर रुपया रुपया गोळा करत होते तेव्हा तिच्या वडिलांनी दिला होता म्हणे, शाळेत असताना तिने ती पावती पाहिली होती. आम्हाला इतक्या वर्षांत हे कोणाला माहीत नाही! मुन्नार-ठेक्कडी रद्द. खिडकीजवळची सीट, मंगलाने एर्नाकुलमला उतरून पुढे कन्याकुमारी कसं करावं, का पुण्याहून थेट गाडी धरावी? आणि स्मारकाच्या खडकाकडे जाणाऱ्या बोटीला रांग फार असते का, आईला किती वेळ उभं राहावं लागेल? बजेट ७० हजार, मे चा दुसरा आठवडा, बोनसचे ४० आहेत, बाकी पगारातून.

---

खिडकीजवळची_सीट

वा, आजी भारी आहेत! पुण्याहून कन्याकुमारी एक्सप्रेस थेट जाते पण नाशिकहून पुण्याला आधी जायचं आणि मग ती फिरत फिरत नेते, वेळ फार जातो. मंगलानेच जा, एर्नाकुलमला दोन रात्री आराम, मग दिवसाच्या गाडीने तिरुवनंतपुरम, तिथून कन्याकुमारी ९० किलोमीटरच्या आत आहे, टॅक्सी करा, ट्रेनही आहे पण सामान आणि आजी दोन्ही सांभाळायचं म्हणून टॅक्सी.

बोटीची रांग सुट्टीत मोठी असते, सकाळी पहिल्या फेरीला जा. वेगळं जास्त दराचं तिकीट पण मिळतं, रांग छोटी असते, आजींसाठी तेच घ्या, तिथे शंभर-दोनशे वाचवू नका. धक्क्यावरून बोटीत चढताना हलतं, दोघांनी दोन बाजूंनी धरा. समुद्र खवळला तर फेऱ्या बंद ठेवतात, मे च्या दुसऱ्या आठवड्यानंतर तशी शक्यता वाढते, म्हणून एक दिवस हातचा राखून ठेवा आणि जमलं तर पहिल्याच आठवड्यात निघा.

---

खडू_डस्टर

पहिल्याच आठवड्यात जमणार नाही त्यांना, १ मे ला आमचा निकाल वाटप असतो आणि नंतरही मुख्याध्यापक काहीतरी कामं काढतात. वहिनींना आधी विचारून मगच तिकीट काढा. आणि ओट्याचं काम परत आल्यावर सुरू करा, तुम्ही तिकडे आणि गवंडी इकडे असं करू नका.

---

सिडकोकर_वरचा_मजला

८ मे चं बघतोय मग. फॅब्रिकेटरला २० तारीख दिली. ट्रॉल्यांचे सॉफ्ट क्लोज चॅनल घ्यावेत का साधे, ट्रॉलीमागे चारशे रुपयांचा फरक सांगतोय?

---

खडू_डस्टर

भांड्यांच्या जड ट्रॉलीला घ्या, बाकी साधे.